अंग दुखलं म्हणजे मसल वाढली का रे भो?

आमच्या धुळ्यात जिमच्या पोरांची मंगळवारी सकाळी रामराम घालायची पद्धत वेगळी आहे, हात मिळवायचा आणि समोरच्याच्या छातीवर जोरात थोपटायचं, तो "आई गं" म्हणाला की दोघंही खूश. कारण सोमवारी सगळ्यांचा छातीचा व्यायाम असतो (हे कुणी ठरवलं देव जाणे, पण धुळे काय नि नंदुरबार काय, सोमवारी संध्याकाळी बेंच रिकामा मिळणार नाही) आणि मंगळवारी ती दुखली म्हणजे कालची मेहनत वसूल. नाही दुखली तर पोराचं तोंड उतरतं. माझा भाचा नवीनच जिमला लागलाय, त्याचा मागे फोन आला, "मामा, परवा लेग डे मारा, पन पाय काहीच दुखी नही ऱ्हायनात, वाया गया का मंग?"

वाया नाही गेला भो. आणि ज्या दिवशी दोन पायांवर उभं राहता येत नव्हतं त्या दिवशी काही खजिना सापडला होता असंही नाही. त्याला फोनवर एवढंच सांगितलं, पण हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदा सगळं लिहूनच टाकतो. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही, दुकान सांभाळून संध्याकाळी लोखंड उचलणारा माणूस आहे, पण या विषयावर वाचायचा नाद आहे आणि जिममधल्या गप्पांपेक्षा त्यात जास्त रस येतो.

आधी हे दुखणं म्हणजे कुठलं ते नक्की करू. सेट (एका दमात सलग मारलेल्या उचली) मारताना शेवटच्या चार रेप्सला, म्हणजे शेवटच्या चार उचलींना, जी आग होते ती नाही. ती बार खाली ठेवला की दोन-चार मिनिटात जाते. आपण बोलतोय ते दुसऱ्या दिवशीचं दुखणं, ज्याला इंग्रजीत डिलेड ऑनसेट मसल सोअरनेस म्हणतात आणि जिममध्ये नुसतं डॉम्स. व्यायामानंतर १२ ते २४ तासांनी ते सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या मधे कधीतरी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात आपोआप जातं. सोमवारी मारलेल्या पायांचा खरा हिशोब बुधवारी होतो तो त्यामुळे.

आणि हे लॅक्टिक ॲसिडमुळे होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, मलाही सांगितलं होतं, अजूनही जिमच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर लिहिलेलं दिसतं, तर ते डोक्यातून काढून टाका. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (हे त्या ॲसिडचंच शरीरातलं रूप) तासाभरात रक्तातून साफ होतं, ते परवापर्यंत मांडीत बसून राहत नाही. १९०२ सालीच थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन माणसाने हे उशिराचं दुखणं वेगळं आहे, ते स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यासारखं होण्यामुळे असावं असं लिहून ठेवलंय. शंभर वर्षं उलटून गेली आणि आपण अजून ॲसिडवरच अडकलोय.

हे दुखणं येतं कशाने ते समजायला आपल्या खान्देशी माणसाला लॅबची गरज नाही, वणीचा गड पुरे. चैत्रात आपल्याकडून किती लोक सप्तशृंगीला जातात तुम्हाला माहितीये. पायी जाणाऱ्यांचं सोडा, त्यांचं सगळंच दुखतं, मी गाडीने जाऊन फक्त पायऱ्या चढणाऱ्यांचं बोलतोय. चढताना काय होतं, धाप लागते, छाती धडधडते, घाम निथळतो, माणूस मधेमधे कठड्याला टेकून "अजून किती" विचारतो. उतरताना मात्र सगळे मस्त गप्पा मारत, प्रसादाची पिशवी हलवत उतरतात, दम नाही काही नाही. आणि दुखतं कशामुळे? त्या उतरण्यामुळे! उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा स्नायू तुमचं अख्खं वजन पेलत पेलत लांब होत जातो, गाडी उतारावर ब्रेकवर सोडतात तसं. घरी आल्यावर रात्री काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जरा जड वाटतं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भारतीय पद्धतीच्या संडासात बसायची वेळ येते तेव्हा एक हात भिंतीला, एक हात नळाला, आणि अर्ध्यात पोचल्यावर पुढचं देवावर सोडून धप्पकन बसायचं, उठायचं कसं ते नंतर बघू. ज्याला हा अनुभव आहे त्याला डॉम्स समजावून सांगायची गरज नाही.

१९८३ साली अमेरिकेत काही संशोधकांनी नेमकं हेच ट्रेडमिलवर करून पाहिलं. लोकांना एकदा सपाटीवर पळवलं आणि एकदा उतारावर. सपाटीवर पळाले तेव्हा लॅक्टेट वाढलं पण नंतर पाय दुखले नाहीत, उतारावर पळाले तेव्हा लॅक्टेट वाढलंच नाही आणि पाय मात्र चांगले ठणकले. ॲसिडवाल्यांचा विषय तिथंच संपायला हवा होता.

जिममध्ये हाच उतार प्रत्येक व्यायामात असतो. कर्ल मारताना डंबेल खाली सोडतो तेव्हा, बेंचला बार छातीवर येताना, स्क्वॉटला खाली बसताना, रोमानियन डेडलिफ्टला बार मांड्यांवरून घसरत खाली नेताना, आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) तर विचारूच नका. स्नायू ताणात असताना लांब होतोय, त्यात काही धाग्यांच्या आतली बारीक रचना विस्कटते, मग तिथं दुरुस्तीवाले येतात, सूज येते, आणि आजूबाजूच्या नसा जास्त हळव्या होतात, म्हणून एरवी ज्या स्पर्शाने काही वाटत नाही त्यानेही माणूस ओरडतो. छातीवर थोपटलं की "आई गं" ते त्याचंच. उलट सायकल घ्या, पायडल मारताना हा उतरता भाग जवळजवळ नसतोच, म्हणून देवपुरापासून नकाण्याच्या तलावापर्यंत कितीही हाणली तरी घाम निघतो, दम लागतो, पण मांड्या तशा आंबत नाहीत.

यात एक गंमत आहे. जितकं दुखतं तितकंच आत तुटलंय असंही नाही. नोसाका नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सोबत्यांनी २००२ साली हेच तपासलं होतं, दंडाला उतरता व्यायाम देऊन, आणि दुखण्याचा आकडा आणि नुकसानीची बाकी मापं, म्हणजे ताकद किती पडली, सूज किती आली वगैरे, यांचा मेळ नीट बसला नाही. काहींचं नुकसान जास्त आणि दुखणं कमी, काहींचं उलटं. म्हणजे बघा, दुखण्यावरून झीज किती झाली तेसुद्धा धड कळत नाही, आणि आपण त्यावरून वाढ किती झाली ते सांगायला निघालोय!

मग लोकांचा इतका पक्का विश्वास का? कारण सुरुवातीला दोन्ही गोष्टी एकदम होतात. पोरगा पहिल्यांदा जिमला जातो, आठ दिवस केस विंचरायला हात वर जात नाही, आणि त्याच महिन्यात बेंचवर प्लेटा चढायला लागतात, आरशात दंड भरल्यासारखा दिसतो, टी-शर्टची बाही घट्ट होते. साहजिक आहे, त्याला वाटणारच की दुखलं म्हणून वाढलं. पण पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते तिचा बराचसा भाग मेंदू आणि नसा ते काम शिकतात त्याचा असतो, आणि टेपमधे जो दंड मोठा दिसतो त्यात सुजेचं पाणीही असतं. मापायची पट्टी सूज आणि स्नायू यात फरक करत नाही.

ब्राझीलमधे साओ पावलोच्या विद्यापीठातल्या दामास आणि मंडळींचं २०१६ चं काम या बाबतीत मला सगळ्यात आवडतं. त्यांनी तरुण पोरांना १० आठवडे पायाचा व्यायाम दिला आणि पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी असं तीनदा बघितलं की स्नायू नवीन प्रथिनं किती बनवतोय. पहिल्या आठवड्यात हे बनवणं सगळ्यात जास्त होतं, दुखणंही तेव्हाच सगळ्यात जास्त. पण कुणाचा पाय शेवटी किती वाढला त्याच्याशी पहिल्या आठवड्याचा आकडा जुळलाच नाही. कारण तेव्हा सगळं सामान डागडुजीत जात होतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नुकसान कमी झालं, आणि तिथून पुढे मात्र ज्याचं बनवणं जास्त त्याची वाढ जास्त असा हिशोब लागायला लागला. म्हणजे खरी वाढ दुखणं ओसरल्यावरच सुरू झाली म्हणा ना. चुलीतून धूर किती निघतोय त्यावरून भाकरी शेकली का ते कळत नाही, तव्यावर बघावं लागतं.

अजून एक आहे, त्याच्या आधीचं, २०११ चं, अमेरिकेतलं. १४ जण घेतले, दोन गट केले. एका गटाला तीन आठवडे हळूहळू सवय लावली, इतकी हळू की दुखायला नको. दुसऱ्याला थेट जुंपलं. मग दोघांना आठ आठवडे एका उलट्या सायकलवर बसवलं, म्हणजे मशीन पायडल फिरवतं आणि तुम्ही पायाने ते अडवायचं, सगळा उतारच उतार. थेट जुंपलेल्यांचे पाय चांगलेच दुखले, रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचं जे स्नायूच्या नुकसानीनंतर वाढतं तेही वाढलं. सवय लावलेल्या गटाला तसं काही झालं नाही. आणि शेवटी मोजलं तर दोन्ही गटांची मांडी जवळजवळ सारखीच वाढली, ताकदही जवळजवळ सारखीच. म्हणजे एका गटाने ठणका सोसून जे कमावलं ते दुसऱ्या गटाने शांतपणे कमावलं. गट लहान होते हे मान्य, पण दुखल्याशिवाय वाढत नाही म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडणाऱ्या ताणाने. वजन पुरेसं, सेट जवळजवळ थकेपर्यंत नेलेला, धाग्यावर खेच पडली की पेशीच्या आत सिग्नल जातो, प्रथिनं जोडली जातात, धागा जाड होतो. या सगळ्यात दुखणं ही अट कुठेच नाही. नाहीतर रस्त्यावर पळणाऱ्यांच्या मांड्या बघा, मॅरेथॉन मारून आलेल्या माणसाला दोन दिवस जिना उतरवत नाही, मग त्याचे पाय पैलवानासारखे व्हायला पाहिजे होते.

आता सवयीचं बोलू, कारण इथंच सगळे फसतात. एकदा एखादा व्यायाम करून दुखलं की पुढच्या वेळी तोच व्यायाम तितकाच केला तरी खूप कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा टिकतं. याला रिपीटेड बाउट इफेक्ट म्हणतात. याची उदाहरणं तर आपल्याकडे रानात उभी आहेत. रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणारी माणसं बघा, बागेतून घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत, एकेक घड पंधरा-वीस किलोचा किंवा त्याहून जड, खाली चिखल, वर पानं, आणि दिवसभर हेच. माझा एक मित्र चांगला कसलेला, जिममध्ये डेडलिफ्टला सगळे त्याच्याकडे बघतात, तो एकदा हौसेने मामाच्या बागेत कापणीला लागला. दुपारपर्यंत जोरात होता, त्यानंतर दोन दिवस मान वळत नव्हती, कुणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा, ट्रक वळतो तसा. आणि त्याच्यासोबतचा जो हडकुळा साठीतला कापणारा होता तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत बागेत. त्याचं काही दुखत नव्हतं म्हणून त्याने काम केलं नव्हतं असं म्हणाल का?

कापसाच्या पहिल्या वेचणीलाही तेच. दिवाळीच्या आगेमागे वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा, पहिले दोन-तीन दिवस कंबर धरते, मग नाही. काम तेच, उलट बोंडं जास्त फुटलेली असतात. आमची आजी म्हणायची, "आंग दुखस म्हंजे कामनी सवय मोडनी." एवढं सरळ मला अजून कुठल्या पेपरात वाचायला मिळालेलं नाही.

आणि आखाड्यातले पैलवान? रोज जोर, रोज बैठका, शेकड्याने. बैठक म्हणजे तर अर्धा उतारच. सवयीने त्यांचं अंग दुखत नाही, दुखण्यावर वाढ ठरली असती तर त्यांची वाढ केव्हाच थांबायला पाहिजे होती.

मग दुखण्याला काहीच अर्थ नाही का? असं मी म्हणत नाही. थोडा आहे. नवीन व्यायाम सुरू केला आणि जिथं लागायला पाहिजे तिथंच दुखलं, उदाहरणार्थ रोमानियन डेडलिफ्टनंतर मांडीची मागची बाजू, तर निदान वजन योग्य जागी गेलं एवढं कळतं. आणि सगळी कंबरच दुखत असेल तर फॉर्म, म्हणजे व्यायाम करायची ढब, कुणालातरी दाखवा. दुसरं, स्नायू पूर्ण ताणला जाईल असे खोल व्यायाम वाढीलाही चांगले असतात आणि दुखवतातही जास्त, त्यामुळे कधीकधी दोन्ही जोडीने दिसतात. पण ते सोबत आलेले पाहुणे आहेत, एकाने दुसऱ्याला आणलेलं नाही. शिवाय माणसामाणसात आणि स्नायूस्नायूत फरक आहे. माझे खांदे इतक्या वर्षांत फारसे कधी दुखले नाहीत आणि पिंढऱ्या मात्र नुसतं टाचा उचलायचं नाव काढलं तरी दुखतात. माझे खांदे बरे आहेत, पिंढऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

दुखणं शोधत फिरणाऱ्यांचं नुकसान कसं होतं ते मी रोज बघतो. पहिला प्रकार म्हणजे दर आठवड्याला व्यायाम बदलणारे. युट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं की मसलला कन्फ्यूज करा. मसलला डोकं नाही, ती कशाला कन्फ्यूज होईल. रोज नवीन व्यायाम केला की रोज दुखेल हे खरं, कारण कशाचीच सवय होत नाही, पण कशातच वजनही चढत नाही. दोन वर्षं जिमला येऊन तेच डंबेल उचलणारे असे किती दाखवू. दुसरा प्रकार म्हणजे लेग डेला इतकं मारणारे की पुढचा लेग डे बुडतोच. स्नायूचं जास्त नुकसान झालं की ताकद काही दिवस पडलेली असते, मग पुढचे दोन वर्कआउट ढिले जातात. महिन्याचा हिशोब लावला तर जो माणूस जरा कमी मारून आठवड्यातून दोनदा पाय करतो तो पुढे असतो.

तिसरा प्रकार वाईट आहे आणि त्यात पोरांची चूक नसते. एका जिममध्ये (नाव नको) नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर-शंभर स्क्वॉट मारायला लावायची पद्धत होती, दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला की ट्रेनर हसून म्हणणार, बघ, लागलं ना. पोरगा फी भरून परत येतो कारण त्याला वाटतं काहीतरी जबरदस्त झालं. अरे, कुणालाही लंगडं करायला काय अक्कल लागते? शंभर उठाबशा तर शाळेत गुरुजी पण काढायला लावायचे.

आणि यात खरा धोका आहे तो सांगतो, हा भाग हसण्यावारी नेऊ नका. सवय नसलेल्या माणसाने एकदम अफाट व्यायाम केला तर स्नायू इतके तुटू शकतात की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीवर येतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. भरपूर सूज, दुखणं नेहमीपेक्षा फारच जास्त, हातपाय उचलत नाहीत, आणि लघवीचा रंग कोकसारखा किंवा गडद चहासारखा. असं दिसलं की वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने हे अजून वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे रोजची गोष्ट, वर पत्र्याचं शेड असलेलं जिम, दोन पंखे, त्यातला एक बंद. तिथं पहिल्या दिवशी शंभर स्क्वॉट. विचार करा.

मग बघायचं काय? वही. साधी दोनशे पानी वही, नाहीतर मोबाइलमधली नोट. कुठला व्यायाम, किती किलो, किती रेप्स. मागच्या महिन्यात ४० किलोने आठ होत होते, आता त्याच फॉर्ममध्ये दहा होतायत किंवा ४५ ने आठ होतायत, तर काम चालू आहे, दुखो न दुखो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा टेप, सकाळी, व्यायामाच्या आधी, एकाच जागी. आणि फोटो, त्याच उजेडात, जिमच्या त्या एका बल्बखाली नाही जिथं उभं राहिल्यावर प्रत्येकाचेच कट दिसतात. तीन-चार महिन्यांत वहीतले आकडे हललेच नाहीत तर मात्र काहीतरी चुकतंय, मग सेट वाढवा, एका स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास चांगले सेट पडतायत का बघा, झोप बघा, ताट बघा.

ताटाचं म्हणजे प्रोटीन. दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरेसं होतं, म्हणजे ६० किलोच्या पोराला ९५ ग्रॅम धरा. आपल्याकडे उडदाची डाळ घरोघरी असते, शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत २४-२५ ग्रॅम निघतं, लिटरभर दुधात तीस-बत्तीस, एका अंड्यात सहा. कळण्याची भाकरी खाणाऱ्यात उडीद आधीच असतो, चांगली गोष्ट आहे. शेवभाजीत बेसन आहे म्हणून ते प्रोटीन आहे असं माझा एक दोस्त छातीठोकपणे सांगतो, वरच्या तर्रीबद्दल काही बोलत नाही. मीही त्याच्याबरोबर खातो, वाद घालत नाही.

आता दुखतच असेल तर काय करायचं. हळू चाला, हलका सेट मारा, रक्त फिरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मालिशने थोडा आराम पडतो, आखाड्यात तेल लावून रगडायची पद्धत उगाच नाही. स्ट्रेचिंगचं मात्र फार कौतुक आहे तितकं ते कामाचं नाही, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात निरनिराळे प्रयोग एकत्र करून पाहिले तर व्यायामाआधी करा, नंतर करा, दुखण्यात पडलेला फरक इतका कमी की असून नसल्यासारखा. लवचीकपणासाठी करा, खुशाल करा, दुखणं जाईल म्हणून नको.

आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खायची सवय असेल तर हे ऐका. स्वीडनमध्ये कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये तरुण मंडळींवर प्रयोग झाला, आठ आठवडे व्यायाम, एका गटाला रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, दुसऱ्याला ॲस्पिरिनचा अगदी कमी डोस. आयबुप्रोफेनवाल्यांच्या मांडीची वाढ जवळजवळ निम्मीच झाली. एखाद्या दिवशी दात दुखला म्हणून घेतलेल्या गोळीने काही बिघडत नाही, पण लेग डे दुखू नये म्हणून रोज खाणारा माणूस ज्यासाठी घाम गाळतोय तेच पाण्यात घालतोय, पोटाला आणि किडनीला त्रास तो वेगळाच. बर्फाच्या पाण्यात बसायचंही असंच. २०१५ च्या एका अभ्यासात १२ आठवडे व्यायामानंतर १० अंशाच्या पाण्यात १० मिनिटं बसवलेल्यांची वाढ कमी निघाली. धुळ्यात १० अंशाचं पाणी मे महिन्यात कुठून आणणार म्हणा, आमच्या टाकीतलं पाणी तर दुपारी चहाला चालेल असं असतं.

एक फरक तेवढा ओळखायला शिका. डॉम्स दोन्ही बाजूंना साधारण सारखं असतं, मधल्या मांसल भागात असतं, दाबल्यावर आणि ताणल्यावर दुखतं, हललं की मोकळं होतं. सेटच्या मधेच कळ आली, एकाच बाजूला आहे, सांध्यात आहे, टोचतंय, मुंग्या येतायत, किंवा आठवडा झाला तरी तसंच आहे, तर ते डॉम्स नाही. लचक आहे, उसण आहे की अजून काही ते दाखवून घ्या, त्यावर अजून चार सेट मारून बघू नका.

भाच्याच्या पायांचं म्हणाल तर त्याने घरी आधीपासून उठाबशा काढलेल्या होत्या आणि शेतात विहिरीच्या पायऱ्या रोज उतरतो, त्याच्या मांड्यांना त्या उताराची सवय आधीच होती, एवढंच. वजन चढतंय का विचारलं तर म्हणे वही आणायची राहिली.

आता लग्नसराई येतेय, मग आखाजी (आपली अक्षय्य तृतीया), घरोघरी आमरस आणि मांडे, महिना-दीड महिना अर्धं जिम रिकामं. परत याल तेव्हा जुनं वजन लगेच लावू नका. सवय थोडी सुटलेली असते, पहिला आठवडा नेहमीच्या निम्मे सेट करा, वजन हलकं ठेवा, सेट थकण्याच्या बराच आधी सोडा. दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही म्हणून संध्याकाळी परत जाऊन अजून मारायचं नाही, कारण खरं कळायला परवा उजाडावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. एवढं केलं तर गेलेली ताकद लवकर परत येते, नवीन कमवायला लागते त्यापेक्षा बरीच लवकर.